मधाळे फोटो स्टुडिओच्या उजेडाची वाटणी

मी, भीमसेन सत्याप्पा मधाळे, वय वर्षे एकसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार निपाणी, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण कान असे आहेत की पडद्याआड केस विंचरणारे गिऱ्हाईक काय कुजबुजते ते मला कॅमेऱ्यापाशी ऐकू येते. हे मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणायला आले होते, ते पुढे येईलच.

वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात मिळकत लिहावी, हकिकत लिहू नये. पण माझी मिळकत नुसती पाहिली तर कोणीही तिला भंगार म्हणेल. म्हणून दोन्ही लिहितो.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व मागची मोरी, तसेच पोस्टातील सर्व शिल्लक माझी पत्नी शेवंताबाई हिला मिळावी. तिचे सहा पांढरे परकर मी उजेड गाळण्यासाठी न विचारता कापले. त्यांपैकी तीनच तिला माहीत आहेत. बाकीचे तीन धोबी हरवतो असे ती आजवर समजत आली. धोबी निर्दोष आहे.

कलम २. माझे वडील सत्याप्पा तंबाखूच्या वखारीत बोद, म्हणजे तंबाखूचे गठ्ठे, उचलायचे. मी त्याच वखारीसमोर स्टुडिओ काढला. सुरुवातीला मोठ्या बल्बांवर भागवले आणि शहात्तर साली कोल्हापुरात जोडणी केलेला विजेचा फ्लॅश आणला. तो उडवला की माणसाचे तोंड मैद्याच्या गोळ्यासारखे दिसे व मागे भिंतीवर काळी सावली उभी राही. त्याच सुमारास विडी वळणाऱ्या बायका ओळखपत्राच्या फोटोसाठी येऊ लागल्या. पहिली आली नागुबाई घस्ते. आपला फोटो तिने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "आप्पा, ही मी न्हाय. ही कुटंतरी चोरी करताना घावल्याली बाई हाय."

बाकीच्या बायका हसल्या आणि दुसऱ्या स्टुडिओत गेल्या. तेव्हा मला कळले की फ्लॅश घेऊन भागत नाही, त्याचा उजेड मऊ करावा लागतो. बेळगावच्या दुकानात त्यासाठी तयार पांढरी छत्री मिळत होती. दुकानदाराने किंमत सांगितली, मी छत्रीला हातही न लावता बाहेर आलो, आणि पुढची अकरा वर्षे हातानेच साधने बनवली.

साधन बरे की वाईट हे ठरवण्याचे माझे यंत्र म्हणजे माझा मेहुणा भरमा. त्याला तिसाव्या वर्षीच पूर्ण टक्कल पडले. उजेड कसा पडतो आहे, त्याचा आकार काय, कडा कडक आहेत की विरघळल्या आहेत, हे त्याच्या डोक्यावर आरशासारखे दिसते. दर सोमवारी बाजार बंद झाल्यावर मी त्याला स्टुलावर बसवीत असे. तो म्हणे, "दाजी, माज्या डोस्क्यावर तुमी संसार उभा केला." हे खरे आहे व येथे मान्य करतो.

साधने पुढीलप्रमाणे वाटावीत. वखारीच्या दाराचा उरलेला चंदेरी रंग आतून मारलेली काळी छत्री भरमाला द्यावी. तिचा उजेड भरमाच्या डोक्यावर पडला तेव्हा आठही काड्या कोळ्याच्या पायांसारख्या उमटल्या होत्या. पावसात ती चालेल, मात्र खांद्यावर चंदेरी पापुद्रे पडतील. बेकरीच्या बटर पेपरची चौकट मुलगा परशराम याला द्यावी. तिचा उजेड फार गोड, पण फ्लॅशशेजारी सतत पेटत्या बल्बने कागद तापला की सगळ्या स्टुडिओत नानकटाईचा वास सुटे आणि गिऱ्हाईक नेमके बटण दाबताना आवंढा गिळे. सदलग्याच्या एका पाहुण्याने फोटो झाल्यावर खारी मागितली होती.

सर्वांत उत्तम साधन म्हणजे चहाची रिकामी पेटी. तिला आतून सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद चिकटवला आहे व तोंडाला परकर (वरील सहांपैकी चौथा) ताणला आहे. निपाणीत सगळे विडी ओढतात, त्यामुळे तेवढा कागद जमवायला मला दीड वर्ष थिएटरच्या बाकांखाली वाकावे लागले. काकतीच्या एका फौजदाराचा फोटो काढताना ही पेटी एकदा धुमसली. फौजदाराला वाटले फोटो असाच काढतात, आणि धुरातही तो ताठ बसून राहिला. फोटो अप्रतिम आला. ही पेटी मुलगी सोनुबाई हिला द्यावी.

कलम ३. स्टुडिओची जागा, कॅमेरा, फ्लॅश, अंधारी खोली व पाटी. भांडण याचेच आहे.

परशराम बेळगावात बँकेत आहे. त्याचे चांगले चालले आहे व त्याचा मला अभिमान आहे. त्याला या जागेत व्हिडिओ पार्लर काढायचे आहे. गेल्या महिन्यात तो भरमाला घेऊन आला आणि दोघांनी मला समजावले की सोनुबाई उद्या लग्न होऊन जाणार, मग स्टुडिओ परक्या घरात जाईल. मग ते चहाला स्वयंपाकघरात गेले आणि परशराम आईला हळूच म्हणाला की आप्पांना आता फोकस दिसत नाही, सगळे सोनीच काढते. मी बाहेरच्या खोलीत होतो. ऐकू आले.

त्याने सांगितले ते खरे आहे, आणि म्हणूनच स्टुडिओ तिला द्यावा असे मी ठरवले. चार वर्षे तीच फोटो काढते, तीच धुते, तीच पोरांना हसवते. मी स्टुलावर बसून सूचना करतो. पण तिला विचारले तेव्हा तिने नको म्हणून सांगितले. म्हणाली, "आदी त्या फोटूचं खरं काय ते लिवा, आप्पा. वकिलाफुडं लिवा. न्हायतर दादाला द्या, त्यो टीव्ही लावंल."

तिने न घेतल्यास पाटी उतरेल. म्हणून पुढील कलम लिहितो. ते लिहायला मला तीन दिवस लागले.

कलम ४. माझ्या वडिलांचे पांढरे धोतर मी फ्लॅशपुढे पडद्यासारखे लावत असे. मऊपणात त्याला तोड नव्हती, आणि वडिलांचे म्हणून मी ते कधी धोब्याकडे टाकले नाही. वखारीसमोर स्टुडिओ असल्याने तंबाखूची धूळ त्यात बसत गेली. रोज बघणाऱ्याला कळत नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत तर काहीच बिघडत नव्हते.

त्र्याऐंशी साली मी रंगीत रोल सुरू केला आणि पहिल्याच रोलवर सोनुबाईचा स्थळांना दाखवायचा फोटो काढला. तो सदलग्याला पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आले की मुलगी पसंत आहे, मात्र कावीळ बरी झाल्यावर कळवावे.

मी कोल्हापूरच्या लॅबवाल्याला तीन पत्रे लिहिली. तिसऱ्यात त्याच्या आजोबांपर्यंत गेलो. गावात, पाहुण्यांत, जयंतीच्या मांडवातसुद्धा मी सांगत राहिलो की लॅबने माझ्या मुलीचे स्थळ घालवले. सोनुबाईने एक पांढरी चिनी बशी घेतली, मधे पुठ्ठा उभा केला, अर्ध्या बशीवर धोतरातून उजेड टाकला, अर्ध्यावर नव्या मांजरपाटातून, आणि एकाच फोटोत दोन्ही काढले. फोटो धुऊन आला. अर्धी बशी पांढरी होती, अर्धी हळदीत बुडवल्यासारखी. तिने तो जेवताना माझ्या ताटाशेजारी ठेवला. मी पाहिला व म्हणालो, हेही लॅबनेच केले असणार.

हे मी चार वर्षे म्हणत आलो. आता लिहून देतो की लॅब निर्दोष आहे. चूक धोतराची नव्हती, धोतर न तपासणाऱ्याची होती. दर सोमवारी भरमाच्या डोक्यावर उजेडाचा आकार तपासणाऱ्या माणसाने उजेडाचा रंग एकदाही तपासला नाही. आणि बशी पाहिल्यावर मला सगळे कळले होते. त्याच क्षणी कळले होते. लॅबवाल्याला चौथे पत्र आज टाकले आहे.

सोनुबाईने हे कलम दोनदा वाचले व "बरं," इतकेच म्हणाली. त्यामुळे कलम ३ मधील सर्व मिळकत तिला दिली आहे. लग्न करो वा न करो, तिचीच राहील. परशरामाला सर्व वाचून दाखवले. तो बहिणीला म्हणाला, "पासपोर्ट फोटो तरी भावाला फुकट काढशील का गं?" ती म्हणाली, रांगेत उभा राहा.

कलम ५. हे मृत्युपत्र मी शुद्धीत लिहिले याचा पुरावा म्हणून लिहिताना काढलेला माझा फोटो सोबत जोडावा, असे वकीलसाहेब म्हणाले. गेल्या आठवड्यात सोनुबाई तो काढायला उभी राहिली. मी चहाची पेटी घ्यायला सांगितले. तिने ऐकले नाही. छत्री नाही, चौकट नाही, परकर नाही. तिने फ्लॅशचे तोंडच माझ्याकडून फिरवून पूर्वेच्या भिंतीकडे केले.

मी म्हटले, "अगं, कुणाचा फोटू काढतीस?"

"तुमचाच. गप बसा, हलू नगा."

फ्लॅशची शिट्टी बारीक होत होत थांबली की तो भरला असे समजावे. हे मी तिला सांगणार होतो, तोवर तिने बटण दाबले होते.

काल फोटो कोल्हापूरहून धुऊन आला. प्रत्येक सुरकुती जागेवर आहे, पण कोणतीच ओरडत नाही. डोळे माझेच आहेत. रंगही माणसाचा आहे. अकरा वर्षे मी जो मऊपणा बनवीत होतो तो चुना मारलेली भिंत उजेड परतवून आपोआप देत होती. संध्याकाळी तिला विचारले, कधी सापडले हे तुला? म्हणाली, तीन वर्षे झाली. तुमी नसला की असंच काढते.

म्हणून ही दुरुस्ती. स्टुडिओची पूर्वेकडची भिंत कलम ३ च्या यादीत घालायची राहिली होती. तीही सोनुबाईचीच. धूळ बसते म्हणून दर तीन महिन्यांनी भिंतीला चुना मारावा. तिच्यावर दुसरा रंग देऊ नये, कॅलेंडर टांगू नये, खिळा ठोकू नये. माझ्या पश्चात माझा हार घातलेला फोटो लावायचा असेल तर तो पश्चिमेच्या भिंतीवर लावावा.

येथवर जे लिहिले ते वाचून, समजून, एकही शब्द मागे न घेता सही करतो.

भीमसेन सत्याप्पा मधाळे
निपाणी, रविवार, दिनांक १५ नोव्हेंबर १९८७

आमच्यासमोर सही केली. भरमा यास छत्री मिळत असल्याने वकिलांनी त्यास साक्षीदार घेतले नाही. छत्री सोडतोस का विचारले असता त्याने नकार दिला.

साक्षीदार:
१. मारुतीराव भावकू गोरल, निवृत्त शिक्षक, मूळ राहणार येळ्ळूर, सध्या निपाणी
२. नागुबाई मष्णू घस्ते, विडी कामगार, निपाणी