पाठ, बांध आणि चाकावरची माझी जागा

मी, गुडरून बेर्गफेल्ड, वय तेवीस, धातुशास्त्राची पदवीधर, राहणार वुपर नदीकाठचा बेर्गफेल्डांचा वस्तऱ्यांचा कारखाना, सोलिंगेन, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि अत्यंत आनंदात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणताही आजार नाही. पाती घासण्याचे दगडी चाक फिरता फिरता फुटू शकते, म्हणून पहिल्यांदा चाकावर बसण्यापूर्वी मृत्युपत्र करायचे ही आमच्या घरची रीत. पणजोबांनी केले, आल्विन आजोबांनी केले, इवाल्डकाकांनी केले. बाईला चाकावर बसूच दिले नाही, त्यामुळे मृत्युपत्राचा कागदही कुणी दिला नाही. उद्या सकाळी मी बसणार आहे.

एक. माझी सायकल, निळा कोट आणि बँकेतली शिल्लक आई झेल्मा हिला. पुरुषांनी घासलेले वस्तरे तिने आयुष्यभर पुसून कागदात गुंडाळले. तिने या पैशातून समुद्र पाहून यावा. कारखान्याच्या छपरावर खर्च करू नये.

दोन. आजोबांनी मला दिलेले नमुन्याचे वस्तरे आमचे न्हावी ह्यूबर्ट क्लोपहाउस यांना. अट अशी की, चकाकीसाठी कोणत्याही वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, घासू नये. पाते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, धारेचा कोन त्या जाडीनेच ठरतो. गोल टोकाचा वस्तरा शिकाऊ हाताला द्यावा, तो टोचत नाही. चौकोनी टोकाचा वस्तरा नाकाखालच्या कोपऱ्यासाठी. तो ह्यूबर्ट यांनी स्वतःच वापरावा. दांड्याखालच्या खाचा नक्षी समजून बुजवू नयेत. साबणाने निसरडे झालेले बोट तिथेच थांबते.

तीन. इवाल्डकाकांना एकच वस्तरा, पण त्याची हकीकत नोंदवणे भाग आहे. पात्याच्या खोलगट पोटावर आडवा बारीक बांध असतो. काकांना तो काढून टाकायचा होता.

"नुसती शोभा! घासायला वेळ खाते," काका म्हणाले.

"बांध काढलात तर पाते थरथरेल, काका."

"दाढी नसलेल्यांनी वस्तऱ्यावर बोलू नये."

"नाल ठोकणाऱ्याला खूर असतात का?"

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग ते म्हणाले, "इवाल्ड, पोरगी खरी ठरली तर माझी चाकावरची जागा तिची. कबूल?"

"कबूल. खोटी ठरली तर कागद गुंडाळायला बसेल."

आजोबांनी दोन वस्तरे घासले, एक बांधाचा, एक बिनबांधाचा. ह्यूबर्ट यांनी काकांचे दोन्ही गाल साबणाने माखले. बिनबांधाचे पाते काकांच्या राठ दाढीत थडथडले आणि काका ओरडले, "अरे, सोलतोयस का बटाटा?" बांधाचे पाते दुसऱ्या गालावरून सरळ उतरले. काका बराच वेळ तो गाल चोळत राहिले. मग म्हणाले, "उरलेला गालही त्यानेच कर."

तो बांधाचा वस्तरा काकांचा.

चार. चाकावरची माझी जागा घरातल्या त्या मुलीला किंवा मुलाला, जिला किंवा ज्याला वस्तऱ्याचा प्रत्येक भाग कशासाठी आहे हे सांगता येईल. दाढी विचारात घेऊ नये.

हे सर्व मी वाचून दाखवले. ऐकताना आई रडली आणि समुद्राला कोणती गाडी जाते ते विचारू लागली.

ठिकाण: सोलिंगेन. दिनांक: ९ ऑक्टोबर १९५८.

सही: गुडरून बेर्गफेल्ड, चाकावर बसणारी

साक्षीदार: ह्यूबर्ट क्लोपहाउस, न्हावी

साक्षीदार: आल्विन बेर्गफेल्ड. माझ्या जागेची उशी नवी शिवून घेतली आहे.