टिटवीचे नाव

पासो देल सेइबो,
४ फेब्रुवारी १९७४

अखिलसेइबोग्रामपादकंदुकसंघाधिपती, ऐरणचिन्हांकितमुद्राधारक, दक्षिणपार्श्वधुरंधर (निवृत्त), वामजानुवेदनाविभूषित, 'एल युंके' क्रीडामंडळाचे आजीव चिटणीस वाल्देमार एचेवेरिया यांजकडून मोन्तेविदेओनिवासिनी ज्येष्ठ भगिनी ती. झुल्माताईस शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पावले. तुझ्या यामांदूच्या मुक्तिपत्रावर माझी सही आणि मंडळाचा शिक्का अठ्ठावीस तारखेच्या आत न पोहोचल्यास त्याला यंदा एकही अधिकृत सामना खेळता येणार नाही आणि राजधानीचा क्लब त्याची जागा दुसऱ्यास देईल, हे तू तीन वेळा अधोरेखित केले आहेस. तथापि फेब्रुवारीच्या आपल्याकडील ग्रीष्मामुळे शिक्क्याच्या गादीतील शाई शुष्क झाली आहे. निःशाई मुद्रा ही निःशब्द मंत्रासमान निष्फळ होय.

रविवारचा मैत्रीचा सामना आम्ही फेर्मीनच्या खानावळीत रेडिओवर ऐकला. निवेदक महाशयांनी तुझ्या चिरंजीवास सामनाभर 'टिटवी' म्हटले. ताई, या गावात टिटवी एकच, आणि ती मी. टिटवी अंड्यांपासून लांब जाऊन कोकलते, तद्वत् डावीकडे ओरडून चेंडू मागायचा आणि उजवीकडून निसटायचे, ही विद्या अस्मादिकांनी एकोणीसशे एकावन्न साली सिद्ध केली. निवेदकांच्या मते मात्र ती या पोराने राष्ट्रास दिलेली अपूर्व देणगी आहे! फेर्मीनने लगेच विचारले की आता तुम्हाला हाक काय मारायची, टिटवीचे मामा? सगळी खानावळ खिदळली. मी उठून घरी आलो.

मला मत्सर वाटतो असा अपसमज नसावा. मत्सर हा क्षुद्रांचा विकार आहे. मला फक्त जेवण जात नाही.

लोभ आहेच, शाईसारखा वाळू देऊ नये.

वाल्देमार

ता. क. तू नाताळात नेलेला माझा थर्मास बसवाल्याबरोबर परत आला, परंतु बूच भलतेच आहे. माटेच्या चहाचे पाणी गळते.

मोन्तेविदेओ,
११ फेब्रुवारी १९७४

चि. वाल्देमार यास झुल्माचे अनेक आशीर्वाद.

क्लबच्या वसतिगृहातल्या सतरा खेळाडूंसाठी मी मांसाचे तुकडे तळत होते. तुझ्या पदव्या वाचून होईपर्यंत एक घाणा करपला.

तू शाईच्या नावाने कोकलतोस, पण अंडी कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. तुझ्या टेबलाच्या खालच्या खणात. एकावन्न साली तुला राजधानीतून बोलावणं आलं, तेव्हा अशाच कागदावर म्हाताऱ्या युसेबियोने सही केली नाही, कारण त्याच्या स्वतःच्या मुलाला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाला होता की दौत सापडत नाही. तू लोकरीच्या कोठारामागे जाऊन रडत बसलास आणि मीच तुला हाताला धरून घरी आणलं. आज त्याच खुर्चीत, त्याच टेबलाशी तू बसला आहेस, आणि आता तुझी शाई वाळली!

नावाचंही ऐक. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने विचारलं की तू कोण रे. पोरगा बिचारा म्हणाला की मी टिटवीचा भाचा. आपल्या गावात कोणीही असंच सांगतं. त्या बहिऱ्याने वहीत नुसतं टिटवी लिहून घेतलं. यामांदू त्याला रोज खोडायला सांगतो. प्रशिक्षक म्हणतो की टिटवीचा भाचा अशी हाक मारेपर्यंत चेंडू पार निघून जाईल.

शाईची बाटली बसवाल्याकडे दिली आहे. आता दुसरं कारण शोध. बुचाचं मला काही माहीत नाही, ते तसंच होतं.

माया आहे म्हणून एवढं लिहिलं, नाहीतर एका ओळीत तुझं भागवलं असतं.

तुझी ताई

पासो देल सेइबो,
१९ फेब्रुवारी १९७४

ती. झुल्माताईस शि. सा. न. वि. वि.

पदव्या या वेळी गाळल्या आहेत. घाणा करपू नये.

खालचा खण उघडला. यामांदूचा कागद वर होता, मीच ठेवलेला. तळाशी माझाही सापडला. तेवीस वर्षांचा, पिवळा, सहीची जागा कोरी. मला वाटले होते, युसेबियोने जाळला असेल. दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसलो.

मत्सराविषयी मागील पत्रात केलेले विधान मागे घेतो. वाटतो. रेडिओवर निवेदक म्हणाला की पोरगा डावीकडे ओरडला, तेव्हा टेबलाखाली माझा उजवा पाय आपोआप उचलला गेला, आणि डाव्या गुडघ्याने त्याला तिथेच थांबवले. हे फेर्मीनला ठाऊक नाही. तूही कळवू नकोस.

शाई उत्तम आहे. ऐरण नीट उमटते का, हे पाहण्यासाठी शिक्का प्रथम माझ्या कागदावर उठवला आणि सवयीने खाली सही केली. म्हणजे आजपासून मीही राजधानीत खेळण्यास मोकळा आहे, प्रशिक्षकांस कळवावे. मग यामांदूच्या कागदावर सही केली. तो सोबत आहे.

त्याला सांग, नाव खुशाल वापर. मात्र त्या सामन्यात दुसऱ्या वेळी बचावपटूने त्याला अडवलेच ना? ओरडताना हा उजवीकडे बघतो, लहानपणापासूनची खोड आहे. जिकडे ओरडायचे तिकडेच बघायचे, हे त्याला मूळ टिटवीने सांगितले म्हणावे.

पोराला माझा आशीर्वाद, तुला नमस्कार. उरलेला लोभ समक्ष.

तुझा वाल्देमार

ता. क. मुक्तिपत्राच्या कोपऱ्यावर हिरवट डाग दिसेल. तो माटेचा. बूच 'तसंच होतं' हे तुझे विधान मला अमान्य आहे. माझे बूच काळे होते. हे निळे आहे आणि अर्धे बोट लहान आहे. सतरा पोरांपैकी माझे बूच कोणाकडे आहे?