पुंजारामास समक्ष हजर करण्याच्या हुकुमाबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी साहेब,
प्राथमिक शाळा कचेरी, औरंगाबाद.

अर्जदार: चतुराबाई बद्रीनाथ तुपे, राहणार औरंगाबाद.

विषय: भानुमतीबाई शिक्षिका यांची बदली रद्द होणेबाबत व अर्जदाराच्या मुलास समक्ष आणण्याचा हुकूम मागे घेणेबाबत.

संदर्भ: आपल्या कचेरीचा हुकूम, गेल्या मंगळवारी पोचला.

महोदय,

अर्जदारास लिहिता येत नाही. सबब तिने सांगितले तसे कचेरीसमोर बसणारे अर्जनवीस नानासाहेब यांनी लिहिले आहे. नानासाहेबांनी निजामाच्या मोगलाईत उर्दूतून अर्ज लिहिले, आता मराठीतून लिहितात, पण असला अर्ज त्यांच्या हातून कधी गेलेला नाही, हे इथेच नमूद करून ठेवतात.

१. अर्जदाराचा थोरला मुलगा पुंजाराम दोन वर्षांमागे घटसर्पाने मेला. नानासाहेबांनी आधी ‘दिवंगत झाला’ असे लिहिले होते. अर्जदारास वाचून दाखवताच ती नको म्हणाली.

२. पोर गेल्यावर चतुराबाई अन्नाला शिवेना, उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसू लागली. तिचे मालक बद्रीनाथ कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल आहेत. ते पार घाबरून गेले. त्यांनी घरात बजावले की पोराचे नाव काढायचे नाही, कुणी विचारलेच तर वैजापूरला आजीकडं गेलाय म्हणायचं. गल्लीनेही ते उचलून धरले. साहेब, कुणाच्या मनात पाप नव्हते. चतुराबाईस खरे ठाऊक नव्हते असेही नाही. सगळेच म्हणतात तर तीही म्हणू लागली. दिवाळीला तिने पुंजारामासाठी सदरा शिवला, तोही वाढत्या अंगाचा.

३. भानुमतीबाई गेल्या जूनमध्ये शाळेवर आल्या. निबंध सांगून लिहवून घ्यायचा नाही, ही त्यांची रीत. ‘छान’ आणि ‘खूप’ हे शब्द त्यांच्या वर्गात चालत नसत. आंबा छान, गाय छान, मामाही छान, मग मामात नि आंब्यात फरक तो काय, असे विचारून पोरांना हसवत. पोराने पाटीवर लिहिलेले घरी वाचून दाखवायचे, आणि घरचे माणूस ‘असंच आहे’ म्हणाले तरच ते कायम करायचे. अर्जदाराची मुलगी द्वारका त्यांच्याच वर्गात, तिसरीत.

४. एके दिवशी ‘माझा भाऊ’ हा विषय निघाला. द्वारकाने लिहिले, माझा भाऊ गावाला छान राहतो. भानुमतीबाई नव्या, त्यांना काय माहीत! छान म्हणजे कसा, काय खातो, कुणाशी खेळतो, असे मायेनेच विचारत गेल्या. पोरीने शाळा सुटायच्या वेळी पाटी पुसून नव्याने लिहिले. घरी रीतीप्रमाणे चुलीपुढे वाचून दाखवले: ‘माझा भाऊ मेला. त्याचा गळा सुजला होता. त्याला पेज गिळत नव्हती. तो माझ्याकडं बघत होता.’

बद्रीनाथांनी पाटी ओढून हाताने पुसली. चतुराबाई मात्र म्हणाली, ‘असंच हाय.’ आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा गळा काढून रडली. त्या दिवसापासून ती दोन घास नीट खाते.

५. बद्रीनाथांनी रागाच्या भरात कचेरीत तक्रार दिली, की मुलगा हयात असता बाईंनी मुलीकडून तो मेला असे लिहवून घेतले. चौकशीस कारकून गल्लीत आले. शेजारीण भागूबाईने त्यांना पाणी दिले आणि सवयीने सांगितले, पुंजाराम ना? वैजापूरला गेलाय. पुढच्या घरांतही तेच. झाले! भानुमतीबाईंची बदली पार फर्दापूरकडे झाली. हे कळताच चतुराबाई कचेरीत जाऊन सांगून आली की मुलगा खरोखर मेला आहे. त्यावर हुकूम आला: बाप हयात म्हणतो, आई मयत म्हणते, सबब मुलास येत्या सोमवारी समक्ष हजर करावे.

६. दाखला मागाल तर तो नाही. दवाखान्याची चिठ्ठी बद्रीनाथांनी पोर गेले त्याच दिवशी चुलीत घातली, नोंद करायला कुणी गेले नाही. तक्रार मागे घ्या म्हणून चतुराबाईने त्यांचे पाय धरले. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘कागदावर तरी तो जिता हाय. माझ्या हातानं नाय खोडता येणार.’ आणि कामावर निघून गेले. साहेबांनी त्यांना दोष देऊ नये.

७. नवे गुरुजी निबंध फळ्यावर लिहून देतात, पोरे उतरवून घेतात. परवा ‘माझे कुटुंब’ झाला. आम्ही सुखाने राहतो, माझा भाऊ छान आहे, असे द्वारकाने उतरवले. पैकीच्या पैकी गुण पडले. ती आता घरी वाचून दाखवत नाही. आईने पाटी मागितली की झग्याने पुसून टाकते. चतुराबाई म्हणते, एक लेकरू गेलं, आता हे बी मुकं होतंय.

सबब विनंती, की भानुमतीबाईंना त्याच वर्गावर परत आणावे. सोमवारी अर्जदार कचेरीत हजर राहील. पुंजारामास आणता येणार नाही, द्वारकाला आणील. साहेबांनी तिला जवळ बसवून विचारावे, तुझा भाऊ कुठं आहे. ती आधी ‘गावाला’ म्हणेल. तेवढ्यावर साहेबांनी कागद बंद करू नये. जरा थांबावे. ती सांगेल.

साहेबांच्या दारी सोमवारी येणारी,
चतुराबाई बद्रीनाथ तुपे
(डाव्या हाताचा अंगठा)

औरंगाबाद, दिनांक ७ मार्च १९६३

सोबत: मुलास हजर करण्याचा मूळ हुकूम, परत.