दारापेक्षा मोठी टाकी

मी, खाली सही करणारी, वय पंचाहत्तर पूर्ण, व्यवसाय दुकानांच्या दर्शनी काचा सजवणं (आता निवृत्त), राहणार याच घरात आणि मरणारही याच घरात, असं लिहून ठेवते की हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र आहे. ते मी स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोकं तापलेलं आहे हे डॉक्टरांनी दाखल्यात घातलं नाही, म्हणून ते इथे मी घालते.

वकीलबाईंनी बजावलं की मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, राग नाही. मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे दोन्ही भरपूर आहे. वाटणी दोन्हीची होईल." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

कलम पहिलं. माझी मालमत्ता.

हे घर, म्हणजे हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी. यजमानांच्या पश्चात एकट्या माझ्या नावावर. बँकेत थोडंफार. माझ्या लांब कात्र्या आणि चिमटे. आणि हॉलमधली माशांची आणि पाणवनस्पतींची टाकी.

टाकीची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. लग्नानंतर आम्ही भाड्याच्या खोल्यांतून हिंडलो. घरमालक म्हणेल तेव्हा उठायचं. दर वेळी छोटी टाकी रिकामी करायची, मासे बादलीत, झाडं ओल्या फडक्यात, आणि दर वेळी नव्या जागी निम्मे मासे मरायचे. शेवटच्या बिऱ्हाडाला मी बादलीशेजारी बसून रडले आणि ह्यांना म्हटलं, "आता पुन्हा मला कोणी उठवायचं नाही." त्यांचा धंदा काचा बसवण्याचा. हे घर घेतलं त्या वर्षी त्यांनी हॉलमध्येच काचा आणून, जागेवर चिकटवून ही टाकी केली. माणूस आडवा झोपेल एवढी लांब, आणि रुंद आणि उंच इतकी की दारातून उभी, आडवी, तिरकी, कशीही बाहेर निघत नाही. शेजारपाजारचे पोट धरधरून हसले. मीही हसले. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या मोजणारा माणूस घरचं दार मोजायला विसरला, हा आमच्या घरचा ठरलेला विनोद. माझा मुलगा तो आल्या-गेल्याला आजही सांगतो.

कलम दुसरं. घर.

घर मुलाला. होय, त्यालाच. म्हातारीने पोटच्या पोराला रस्त्यावर काढलं असं कोणी म्हणायला नको. सूनबाईंनी इथवर वाचून सुटकेचा श्वास टाकला असेल तर तो त्यांनी परत घ्यावा. अजून पुष्कळ कलमं आहेत.

कलम तिसरं. माझ्यावर झालेला अन्याय.

मागच्या वर्षी माझं खुब्याचं हाड मोडलं आणि मी दवाखान्यात पडले. त्या काळात मुलाने आणि सुनेने टाकीचं 'सुशोभीकरण' केलं. हा शब्द त्यांचा.

टाकीत मध्यापासून जरा डावीकडे एक वेडंवाकडं झाडाचं मूळ होतं. ह्यांनी ते नदीच्या पात्रातून खांद्यावर आणलं, पावसाळाभर पिंपात भिजत घातलं आणि त्यावर काळ्या दोऱ्याने शेवाळ बांधलं. दोरा कधीच कुजून गेला, शेवाळ राहिलं. त्या मुळामुळे पाण्याला फिक्या चहासारखा रंग यायचा. तोच तर टाकीचा जीव होता. त्या रंगात लाल-निळे निऑन मासे अंगातच दिवा असल्यासारखे दिसायचे. मागे लांब पात्याचं गवत, मध्ये नेचे, पुढे बुटकी हिरवळ, आणि पुढून मागे निमुळती होत गेलेली वाळूची वाट. बघणाऱ्याला वाटावं, वाट भिंतीपलीकडे जाते. दुकानांच्या काचेत मी आयुष्यभर हेच केलं: हातभर जागेत गाव दाखवायचं.

सूनबाईंना पाणी घाण वाटलं. त्यांनी सगळं पाणी एकदम उपसलं. काचा घासल्या. फिल्टरचा स्पंज साबण लावून नळाखाली खळखळून धुतला. अहो, स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलका पिळायचा, त्यातल्या जिवाणूंवर मासे जगतात, हे या घरातल्या भिंतींनाही पाठ आहे! निऑन दोन दिवसांत गेले. तळाला फिरणारा म्हातारा मिशीवाला, ज्याला हे 'हवालदार' म्हणायचे, तो शेवटी गेला. झाडं उपटून त्यांच्या जागी प्लास्टिकची. गुलाबी खडे. निळा दिवा. बुडबुडे सोडणारा एक पाणबुड्या. आणि मूळ कचऱ्यात.

मी कुबड्या घेऊन दारात आले तेव्हा सूनबाई पदर खोचून, सॉरी, बाह्या सारून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आई, बघा तरी, पाणी किती स्वच्छ झालं! दोन दिवस घासत होते." खोटं कशाला बोलू, घासलं होतं त्यांनी मनापासून. नुसता अडाणीपणा असता तर मी माफही केलं असतं.

पण तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात जागांचा दलाल, सोबत एक जोडपं. मी टाकीसमोरच्या खुर्चीत. दलाल मला नमस्कार करून म्हणाला, "काकू, तुम्ही पण घर बघायलाच आलात का?"

त्याच्या फोनमध्ये माझ्या हॉलचे फोटो होते. निळ्या उजेडातली टाकी सगळ्यांत पुढे. मुलगा आतून धावत आला आणि हसत हसत त्याला म्हणाला, "टाकीची काळजी करू नका, ती फोडूनच काढावी लागणार. आमच्या बाबांनी दार मोजलंच नव्हतं." माझ्यासमोर, माझ्याच घरात. मग माझ्याकडे वळून, "आई, नुसतं भाव काढून ठेवतोय गं."

बाबा रे, भाव मलाही काढता येतो.

कलम चौथं. किरकोळ वाटप.

गुलाबी खडे सूनबाईंना, एकही कमी न करता. निळा दिवा मुलाला. त्या उजेडात त्याने स्वतःचं तोंड आरशात बघावं. पाणबुड्या माझ्या नणंदेला. तिने दवाखान्यात येऊन "वहिनी, आता कशी घराला शोभा आली" असं सांगितलं होतं, आणि आजारी माणसाला विचारायचं सोडून निम्मा वेळ पाणबुड्याचंच कौतुक केलं होतं. घेऊन जा बाई. तुझ्यासारखाच आहे, पोटात नुसती हवा आणि तोंडातून सारखे बुडबुडे.

कलम पाचवं. टाकी.

टाकी, आतल्या पाणी-झाडं-माशांसकट, कात्र्या आणि चिमट्यांसकट, आणि ती उभी आहे तेवढ्या जमिनीच्या कायमच्या वापरासकट, मी माझ्या विहीणबाईंना देते. म्हणजे सूनबाईंच्या आईंना.

आता दचकला असाल. विहीण म्हटली की मानपान नि रुसवेफुगवे, आमचं तसं झालं नाही. विहीणबाई बसवर कंडक्टर होत्या. आवाज असा की पुढच्या दारातून मागच्या दारातला माणूस उठून उभा राहावा. लेकीला त्या आवाजाची लाज वाटते. पाहुणे यायचे असले की ती आईला फोन करून सांगते, "आज नको येऊस गं, आज आमच्याकडे लोक आहेत." मी हे शेजारच्या खोलीतून ऐकलेलं आहे. आईला 'लोकांत' न धरणारी मुलगी माझी सून आहे.

ते मूळ कचऱ्याच्या पेटीतून विहीणबाईंनी उचललं. ओल्या गोणपाटात गुंडाळून बसमधून घरी नेलं. नव्या कंडक्टरने विचारलं, "मावशी, हे काय, लगेज आहे, तिकीट काढा." त्या म्हणाल्या, "पोरा, मी तुझ्या जन्माआधी तिकिटं फाडलीत. हे लगेज नाही, पेशंट आहे." ते त्यांच्या मोरीत टबात राहिलं. शेवाळ अर्धं मेलं, अर्धं तगलं. मी बरी झाल्यावर त्या ते घेऊन आल्या, आणि मुलगा-सून कामावर गेल्यावर आम्ही दोघींनी टाकी पुन्हा लावली. दोन म्हाताऱ्या, कोपरापर्यंत पाण्यात. इतकी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

विहीणबाई, तुमच्यासाठी: पाणी थोडं थोडंच बदला. मूळ मध्यावर आणू नका, कितीही मोह झाला तरी. मध्यावर ठेवलेली वस्तू दुकानाच्या पाटीसारखी दिसते. मागचं गवत कापताना कडेला उंच, मुळाच्या मागे कमी. वाळूच्या वाटेवर हिरवळ चढू देऊ नका. आणि कोपऱ्यात थोडा अंधार राहू द्या, माशांना लपायला जागा असली तरच ते बाहेर येतात.

कलम सहावं. अटी.

घराची किल्ली विहीणबाईंकडे राहील. त्या वाटेल तेव्हा येतील, घरात 'लोक' असले तर आवर्जून येतील, टाकीसमोरच्या खुर्चीत वाटेल तितका वेळ बसतील आणि वाटेल तेवढ्या मोठ्याने बोलतील. टाकीच्या विजेचं आणि पाण्याचं बिल मुलगा भरेल. घर विकायचं तर विकावं. पण टाकी, विहीणबाई आणि त्यांचा आवाज यांच्यासकट. असं गिऱ्हाईक मिळालं तर मला वर कळवा.

कोणीही टाकी फोडली, हलवली किंवा तिचं पुन्हा सुशोभीकरण केलं, तर त्याच दिवशी घर विहीणबाईंचं होईल आणि माझा मुलगा आपल्याच घरात घरजावई म्हणून राहील. वकीलबाई म्हणाल्या, "हे जरा फारच होतंय." मी म्हटलं, "पक्कं होतंय का तेवढं सांगा." त्या म्हणाल्या, "पक्कं होतंय."

बँकेतल्या पैशातून विहीणबाईंचं बसभाडं आणि नवे निऑन. उरलं तर 'हवालदार'च्या जातीचा एक मिशीवाला.

कलम सातवं आणि शेवटचं. माझ्या मुलाला.

तुझ्या विनोदावर मी इतकी वर्षं हसत आले. तुझ्या बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना बरं वाटावं म्हणून मीच तो काढला. म्हटलं, "अहो, सगळ्या गावाची दारं मोजलीत, तेवढं एक घरचं राहिलं." ते हसले नाहीत. माझा हात धरला आणि म्हणाले, "वेडे, दार मी टाकीच्या आधी मोजलं होतं. तूच म्हणाली होतीस ना, आता कोणी उठवायचं नाही म्हणून."

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी दलालाला विनोद सांगशील तेव्हा पुरा सांग.

ठिकाण: टाकीसमोरची खुर्ची.
तारीख: शिक्क्यावर आहे ती.

लिहून ठेवणारीची सही (हात ओला असल्यामुळे शाई जरा पसरली आहे, सही माझीच आहे).

साक्षीदार पहिले: दाखला देणारे डॉक्टर.
साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका.

विहीणबाईंनाही सही करायची हौस होती. पण ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते, असं वकीलबाईंनी सांगितलं. म्हणून त्या नुसत्या हजर होत्या. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येईल इतक्या हजर होत्या.