बारा नंबरची बेल

३ मार्च, सोमवार

एकोणतीस वेळा! दुपारी दोन ते रात्री आठ या माझ्या ड्युटीत बारा नंबरने एकोणतीस वेळा बेल वाजवली. आज मुद्दाम मोजलं. उशी वर घ्या. उशी खाली घ्या. पडदा ओढा. एवढा कशाला ओढला? पाणी द्या – गार नको, कोमट नको, मघाशी होतं तसं द्या. मघाशी कसं होतं ते मला काय ठाऊक? मघाशी मी सात नंबरची शीर शोधत होते.

बारा नंबर म्हणजे निवृत्त मास्तर. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता कूस बदलायची तरी आमच्याशिवाय नाही. पहिल्या दिवशी मी ‘आजोबा’ म्हटलं तर म्हणाले, ‘‘मी तुमचा आजोबा कधी झालो?’’ तेव्हापासून सर. छातीत कफ झाल्यामुळे आवाज इतका बारीक झालाय, की कान तोंडाशी न्यावा लागतो. पण हुकूम सोडण्यात कुठे कमी नाही. आणि खोलीचं दार कायम लावलेलं हवं. बाहेरचा गोंगाट सोसत नाही म्हणे.

मुलगी रोज पाचला येते. हातात वही. बेल किती वाजता वाजली, सिस्टर किती वाजता आली, सगळी नोंद. आम्ही तिला वहीवालीच म्हणतो. आज म्हणाली, ‘‘पाच-दहाला बाबांनी बेल दिली, तुम्ही पाच-एकोणीसला उगवलात.’’ मी म्हटलं, ‘‘मधे एका पेशंटला उलटी झाली.’’ तर बाईने तेही लिहून घेतलं!

बाकीची जत्रा वेगळीच. सात नंबरकडे एका वेळी नऊ पाहुणे. त्यातल्या एकाने मला फोनचा चार्जर मागितला, एकाने चहा. ‘‘इथे चहा मिळत नाही,’’ म्हटलं तर – ‘‘तुम्ही पिता ना?’’ 

घरी आले तर ह्यांनी आतून हाक मारली, ‘‘अगं, ऐकलंस का?’’ आणि माझ्या तोंडून गेलं, ‘‘आले सर!’’ जेवताना तीनदा मुद्दाम हाक मारून बघितली ह्यांनी. मी हसले, पण पोळी मात्र कमी वाढली.

४ मार्च, मंगळवार

पाय दुखतात. आज एवढंच.

५ मार्च, बुधवार

आज माझं डोकं फिरलं.

साडेचार वाजेपर्यंत बारा नंबरची सतरावी बेल. त्यातल्या शेवटच्या तीन तर किती वाजले ते विचारायला! घड्याळ समोर भिंतीवर. ‘‘दिसत नाही का सर?’’ म्हटलं तर, ‘‘दिसतं. पण ते दोन मिनिटं पुढे आहे. बरोबर वेळ सांगा.’’ तिकडे सात नंबरचं बीपी पडत चाललेलं, डॉक्टर फोनवर ओरडतायत, आणि इथे मी बरोबर वेळ सांगतेय. त्यांच्या हातातलं बेलचं बटण घेतलं आणि वायरीसकट मागच्या सलाईनच्या स्टँडवर टांगून दिलं. ‘‘पंधरा मिनिटं बोलवायचं नाही,’’ म्हटलं. जोरातच म्हटलं.

आम्ही सगळ्याच हे कधी ना कधी करतो. शिकवत कोणी नाही, पण नव्या मुलीही महिन्याभरात शिकतात. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं – कामं उरकेपर्यंत. मग गुपचूप परत हातात द्यायचं.

नंतर सात नंबर. साडेसात वाजेपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती. माणूस वाचला, देवाची कृपा. वहीवाली आज लवकर गेली, एकही तक्रार नाही, एवढं मात्र लक्षात आलं. आठला चिमणी आली – आमची नवी सिस्टर, एवढीशी, सारखी चिवचिवणारी, म्हणून चिमणी. तिला घाईघाईत सगळे पेशंट समजावून दिले. बारा नंबरचं एवढंच सांगितलं – शांत आहेत.

शांत.

बटण काढलं का मी परत?

काढलं असेल. नेहमी काढते. नाही आठवत. वॉर्डात फोन करावा का? पण काय सांगणार – अगं, मी बेल टांगली होती, बघ जरा? नवी पोर, उद्या साऱ्या वॉर्डात सांगत सुटेल. आणि नऊला गोळ्या द्यायला जाईलच ना ती आत. तिला दिसेल. डोळे मिटतायत माझे.

६ मार्च, गुरुवार

नव्हतं काढलं.

दोनला पोचले तर जिन्यापर्यंत आरडाओरडा. वहीवाली सकाळीच येऊन थडकली होती. मास्तरांची चादर रात्रभर ओली. पाठीची कातडी सोलवटलेली, अंगात ताप. ‘‘माझे बाबा रात्रभर बेल वाजवत होते आणि ही महाराणी झोपली होती!’’ महाराणी म्हणजे चिमणी. बिचारी सकाळी घरी जाऊन परत बोलावणं आलं म्हणून तशीच आली होती. रडून डोळे सुजलेले. ‘‘बेल वाजलीच नाही हो मॅडम, एकदाही नाही! गोळ्या दिल्यावर डोकावले तेव्हा डोळे मिटलेले होते, वाटलं झोपलेत.’’

कोणाचा विश्वास बसावा? दिवसाला पन्नास वेळा वाजवणारा माणूस रात्रभर एकदाही वाजवत नाही? बेल तपासली, ठणठणीत. डॉक्टर तर हसलेच.

वॉर्डाच्या मावशींना बाजूला घेऊन विचारलं – सकाळी चादर त्यांनीच बदलली. म्हणाल्या, ‘‘बटण स्टँडला अडकलं होतं, मी काढून दिलं त्यांच्या हातात. का गं?’’

‘‘काही नाही,’’ म्हटलं मी.

७ मार्च, शुक्रवार

मेट्रननी बोलावलं. लेखी तक्रार आलीय. वहीतली पानंच्या पानं जोडलेली, पण नाव एकाच सिस्टरचं – चिमणीचं. ती अजून कच्च्या नोकरीत. महिनाअखेर कायम व्हायची होती. आता या तक्रारीनंतर ठेवतील असं वाटत नाही. घरी आई आणि शिकणारी बहीण, कमावणारी ही एकटी.

‘‘संध्याकाळी तुम्ही होतात. काही वेगळं वाटलं?’’ मेट्रननी विचारलं.

‘‘नाही मॅडम. जाताना सगळं व्यवस्थित होतं.’’

किती सरळ आवाजात बोलले मी! सव्वीस वर्षांची नोकरी. एक डाग नाही. पुढच्या महिन्यात वॉर्डची इन्चार्ज व्हायचंय, ऑर्डर टाइप होऊन पडलीय म्हणतात. मेट्रन म्हणाल्या, ‘‘तुमच्यासारख्या चार असत्या तर मला झोप लागली असती.’’

मला नाही लागली.

८ मार्च, शनिवार

बारा नंबरने बेल वाजवणं बंद केलंय.

परवा एकदाही नाही. काल नाही. आज नाही. बटण हातापाशी असतं, ते हात पोटावर घेऊन पडून असतात. स्टाफरूममध्ये सगळ्या खूश – आले एकदाचे वठणीवर! मी मात्र दर अर्ध्या तासाने आपणहून जात होते. पाणी हवं? नको. उशी? असू दे. तोंड कोरडं पडलेलं, ओठांना भेगा, आणि तरी असू दे!

चारला दार लावून घेतलं आणि कॉटपाशी स्टुलावर बसले. म्हटलं, ‘‘सर, बेल का वाजवत नाही?’’

त्यांचे ओठ हलले. मग मी कान जवळ नेला.

‘‘तुम्ही काढून घेतलीत ना. वाटलं, शिक्षा आहे.’’

‘‘शिक्षा कसली सर, मी विसरले हो!’’

‘‘हं. मीही पोरांना बाकावर उभं करायचो. करून विसरून जायचो. शाळा सुटल्यावर एकदा शिपायाने सांगितलं – सर, वर्गात एक पोरगं अजून उभं आहे.’’

मी विचारलं, रात्री गोळ्या द्यायला सिस्टर आली होती, तिला का नाही सांगितलं? तर म्हणाले, ‘‘तुमचं नाव सांगावं लागलं असतं. ती चहाडी झाली. चहाडखोर पोरं मला कधी आवडली नाहीत.’’

लाज वाटली. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. पाठ पुसून दिली, मलम लावलं, कूस बदलली. हे सगळं मी करतेच, पगार त्याचाच मिळतो. पण आज घड्याळाकडे बघितलं नाही. जाताना बटण त्यांच्या मुठीत ठेवलं. त्यांनी ते हळूच बाजूला सरकवलं.

खरं सांगायचं तर त्यांचा राग मला येतच होता, आजही येतो. पन्नास वेळा बोलावणाऱ्या माणसाचा राग येणारच, मी काही देवी नाही. पण वाटतं, ते पाणी नव्हतेच मागत. जन्मभर चाळीस पोरं ज्याच्या एका शब्दावर उठायची-बसायची, त्याला आता स्वतःची कूस बदलता येत नाही. कोणी येतं का, एवढंच बघत असावेत. आणि मी त्यांना दाखवून दिलं – कोणी येत नाही.

९ मार्च, रविवार

सुट्टी. ह्यांना सगळं सांगितलं. पेपर खाली ठेवून ऐकलं, मग म्हणाले, ‘‘मग सांगून टाक की मेट्रनना.’’ जसं काही भाजी संपलीय ते सांगायचंय! मी चिडले. सव्वीस वर्षं, इन्चार्जची ऑर्डर, लोक काय म्हणतील – सगळं बोलून झालं. हे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, ‘‘त्या पोरीने आज काय केलं असेल गं दिवसभर?’’

दुपारचं जेवण तसंच ताटात राहिलं.

१० मार्च, सोमवार

सांगितलं.

मेट्रननी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कोरा कागद पुढे केला. ‘‘लिहून द्या. आणि शुक्रवारी मला जे सांगितलंत, तेही लिहा.’’ लिहिलं. चिमणीवरचा ठपका निघेल. मला मेमो, इन्चार्जची ऑर्डर रद्द. ‘‘बेल टांगली त्यासाठी नाही,’’ मेट्रन म्हणाल्या, ‘‘मीही टांगलीय कधीकाळी. पण त्या मुलीला चार दिवस टांगून ठेवलंत त्यासाठी.’’

चिमणी जिन्यात भेटली. मला वाटलं, रडेल, भांडेल. ‘‘ताई, तुम्ही मला परवा डब्यातली भाजी दिलीत. तेव्हाही माहीत होतं तुम्हाला?’’ एवढंच विचारलं. मी ‘हो’ म्हणून मान हलवली. ती बाजूने निघून गेली. पुढे तिच्याशी काय बोलायचं ते मला कळत नाही.

मास्तरांच्या मुलीला मात्र तुम्हीच सांगायचं, अशी मेट्रनची ताकीद आहे. उद्या. ती वही उघडेल, तारीख टाकेल, आणि माझा एकेक शब्द उतरवून घेईल. घेऊ दे.

११ मार्च, मंगळवार

पाचला बारा नंबरच्या बाहेर तिला गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिने वही उघडली नाही.

‘‘माहीत आहे मला,’’ म्हणाली. ‘‘त्या दिवशी आले तेव्हाच बेल दिसली होती स्टँडवर. बाबांनी हात पुढे केला. मी म्हटलं, देते हं. आणि नाही दिली. घरी तीन वर्षं मी एकटीच आहे हो त्यांच्या हाकेला. वाटलं, अर्धा तास कोणी काही मागू नये. मग तशीच निघून गेले.’’

मी विचारलं, मग तक्रार त्या पोरीची का केलीत? माझी का नाही?

‘‘तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं असतं – बाई, पाच वाजता तुम्ही कुठे होतात?’’