सान हुआनपर्यंत खरखर बंद

२ जून, संध्याकाळी

आजपासून नोंदी. शास्त्रीय पद्धतीने. गिटार वाजवली की अॅम्प्लिफायरमधून खरखर येते, सूर फाटतो. आज तालमीत रुस्बेलने गाणं मध्येच थांबवून सगळ्यांसमोर विचारलं, स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये उंदीर शिरलाय का. रुस्बेल बास वाजवतो, बँड त्याच्या नावावर आहे, शिवाय माझ्या मुलीचा धर्मबाप, म्हणजे आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "कोंपाद्रे, सान हुआनच्या सणाला तळ्यावर हजार माणसं नाचायला येतात. तोवर आवाज साफ झाला तर उत्तम. नाहीतर गिटारचे सूर दालिला कीबोर्डवर काढेल आणि तू या वर्षी खाली बस."

एकतीस वर्षं स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात उभा आहे. खाली बसून काय करतात तेही मला माहीत नाही.

बावीस दिवस आहेत. काम दोन दिवसांचं.

४ जून

काम सुरू केलं नाही. अख्ख्या पुकाल्पा शहरात वीज नव्हती. वीज आली तेव्हा झोपलो होतो.

५ जून, सकाळी १०

नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठे ते कळतं. केबल बदलली. खरखर आहे. म्हणजे जुनी केबल निर्दोष. जुनी परत लावायची होती, पण दोन्हींतली जुनी कुठली ते विसरलो.

७ जून

कॅबिनेटची मागची फळी काढली. आत कुंभारमाशीचं मातीचं घर. तीन खोल्यांचं. सापडला चोर. हिल्माला हाक मारून दाखवलं. बायको म्हणून काहीतरी कौतुक करेल असं वाटलं होतं. म्हणाली, घर छान बांधलं होतं.

खरवडून साफ केलं. वाजवलं. खरखर तशीच. डाव्या हाताची करंगळी बधिर झाली आहे, माशी चावली असणार. शेजारचं बोट मे महिन्यापासून बधिर आहे, त्याला माशी जबाबदार नाही.

१० जून

स्पीकरच्या कागदाला नखाएवढी चीर आहे. ती शोधताना स्क्रूड्रायव्हर लागून पडली ती वेगळी. दोन्ही चिरा हिल्माच्या लाल नेलपॉलिशने बुजवल्या. हा जुन्या मेकॅनिकांचा उपाय आहे. बाटली तिने भाचीच्या लग्नासाठी ठेवली होती, हे मागाहून समजलं. जेवण टेबलावर झाकून ठेवलेलं होतं, गार.

वाईट वाटायला हवं होतं. हल्ली पटकन काही वाटत नाही. नेलपॉलिश वाळायला वेळ लागेल, तोवर खरखर राहणारच.

१३ जून, दुपारी

दालिला आली. बोलावलं नव्हतं. रुस्बेलची सून, लिमाला संगीतशाळेत शिकलेली. स्वतःचा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर मोटोकार रिक्षातून घेऊन आली. म्हणाली, मास्तर, तुमची गिटार यात लावून बघू, म्हणजे दोष कुठे ते कळेल. ही पद्धत मला माहीत होती. मुद्दाम केली नव्हती.

वाजवलं. तिच्या अॅम्प्लिफायरमधूनही खरखर. म्हणजे तिचाही बिघडलेला आहे. तिला तसं सांगितलं. तिने माझी गिटार माझ्याच अॅम्प्लिफायरला लावली आणि आमच्या जुन्या गाण्याची सुरुवात वाजवली. साफ. एक सूर फाटला नाही. नेलपॉलिश वाळलं, हे मी तिला समजावून सांगितलं. मग गिटार मी घेतली. खरखर.

निष्कर्ष: दोष अधूनमधून येणारा आहे. असे दोष सगळ्यांत अवघड.

जाताना दालिलाने विचारलं, "मास्तर, बोटं डॉक्टरांना दाखवलीत का?" बोलणं चाललंय स्पीकरचं आणि हिचं लक्ष बोटांवर. नाचता येईना त्याला अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखर वाकडं आहे आणि लोक माझे पाय बघताहेत.

१४ जून

केबल ठीक. स्पीकर ठीक. अॅम्प्लिफायर ठीक. गिटार ठीक, दालिलाने वाजवून दाखवली. मग उरतं काय?

बराच वेळ बसलो.

उरते वीज.

१५ जून

मेव्हण्याकडून स्टॅबिलायझर आणला. तो लावायला फ्रिजचा प्लग काढावा लागला. खरखर आहे. फ्रिजमधला मासा गेला. हिल्मा बोलत नाही. शांततेत काम चांगलं होतं.

१८ जून

हिल्माच्या गुडघ्यासाठी दवाखान्यात गेलो. सहज बोटांचं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी टाचणी टोचली, मी म्हटलं टोचा ना. त्या म्हणाल्या, टोचून झालं. मानेत नस दबली असेल, फोटो काढा, उशीर करू नका, आणि महिनाभर गिटार बंद. मान तर माझी कधी दुखलीही नाही. कागद खिशात ठेवला. सान हुआननंतर बघू.

२१ जून

तालीम. एकानेही तक्रार केली नाही. मला खरखर ऐकू येत होती, पण रुस्बेल म्हणाला की बाहेर एकदम साफ जातंय, फक्त तुझं कॅबिनेट अगदी हळू ठेव, बाकी मोठ्या स्पीकरमधून येईल. म्हणजे खरखर जवळच्या माणसालाच ऐकू येते. हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

माझ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवला आहे. त्याची वायर कुठे जाते असं साउंडवाल्याला विचारलं. तो बघायला म्हणून गेला तो जेवायलाच गेला.

२४ जून, पहाटे

सान हुआन. आम्ही दोघांनी तळ्यात बुडी मारली. वर्षभराची पीडा जाते म्हणतात. पाणी गार होतं की नव्हतं, डाव्या हाताला कळलं नाही. हिल्माने पानात बांधून भात-कोंबडीचे हुआने उकडले होते. दोन खाल्ले. ती बोलायला लागली आहे, जरा जास्तच गोड. संध्याकाळी डाव्या कोपऱ्यात मीच उभा असणार.

२५ जून, दुपारी

झालं. हजार कसली, दोन हजार माणसं. तिसऱ्या गाण्यात खरखर फारच वाढली. मी घाबरलो नाही. मागची फळी काढून सैल स्क्रू आवळला. गाणं कुठेही अडलं नाही, याला अनुभव म्हणतात. शेवटी रुस्बेलने मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. मी म्हटलं, एकतीस वर्षांत असा आवाज लागला नव्हता. तो हो म्हणाला.

२६ जून

योलिसाने लिमाहून व्हिडिओ पाठवला. पोरगी तिथे नर्स आहे, या वर्षी तिला रजा मिळाली नाही. कुणीतरी नाचता नाचता काढलेला, तिसऱ्या गाण्याचा. निवेदक ओरडतो, "आणि आता, मास्तर अदेल्मो पांदुरोंची गिटार!" गिटार सुरू होते. डाव्या कोपऱ्यात कुणी नाही. मग फोन सरकतो आणि मी दिसतो. कॅबिनेटमागे वाकलेला, बॅटरी दातात, दोन्ही हात आत. गिटार स्टँडवर. गिटारचे सूर चालूच आहेत. दालिला कीबोर्डवर मान खाली घालून वाजवते आहे. रुस्बेल एकदा माझ्याकडे बघतो आणि तिला मानेने खूण करतो, चालू दे. लोक टाळ्या वाजवतात.

चार वेळा पाहिला. आता वाईट वाटेल म्हणून थांबलो. वाटलं नाही.

हिल्मा मागे येऊन उभी होती. म्हणाली, "रुस्बेल घरी येऊन मला विचारून गेला होता. मीच हो म्हटलं." ती तरी काय करणार होती. मग ती आत गेली.

व्हिडिओखाली योलिसाने लिहिलं होतं, "बाबा, तुमची गिटार इतकी साफ मी कधीच ऐकली नव्हती. काय केलंत?"

उजव्या हाताने लिहिलं, स्पीकर दुरुस्त केला.