परवानगीशिवाय काम

रनाळे, मंगळवार, १२ मार्च १९६३

अमेरिकेचा व्हिसा मिळून चार दिवस झाले, पण त्या कागदांतली एक ओळ मी आबांना वाचून दाखवलीच नव्हती. 'विद्यार्थ्याने पहिलं वर्षभर परवानगीशिवाय कोणतंही काम करू नये.' मॅट्रिकच्या पेपराच्या दिवशीसुद्धा ज्यांनी मला पहाटे मोटेवर उभं केलं, त्या बापाला हे कसं सांगायचं? 'मग जाऊच नको' म्हणाले तर?

आज संध्याकाळी ओसरीवर धीर करून वाचली. आबा खाटेवर उठून बसले.

"शेती शिकाले चालना, अन् काम कराले बंदी?"

"हो आबा, तठला कायदा शे."

आबा नुसती तंबाखू मळत राहिले. झालं, संपलं, असं वाटलं. कशाला वाचली ती ओळ? अंधारायच्या आत खळ्यातली मिरची भरायची होती, म्हणून मी गुपचूप उठून रिकामी पोती खांद्यावर घेतली. तेवढ्यात आबांनी ती मागून ओढली.

"तुन्हाजोडे परवानगी शे का?"

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. आबा मात्र साहेबासारखे गंभीर. पोती स्वतःच्या खांद्यावर टाकून निघाले आणि दारातून वळून म्हणाले, "बठ. आतेपासून सवय कर."

बसलोय. लिहिणं कामात धरतात की नाही, ते कागदात दिलेलं नाही. खळ्यातून आबांचं गुणगुणणं ऐकू येतंय. त्यांना गाता येतं, हे मला आजच कळलं.